मॅट्रेस ओढा

चूक माझीच. हाल्वर घोडीवर ओझं बांधत होता. दातांत दोरीचं टोक धरूनच तो म्हणाला, "त्या ओढ्याचं नाव मत्तियास." मी वहीत लिहिलं, मॅट्रेस. गावच्या शाळेत शुद्धलेखनात माझा पहिला नंबर असे, त्यामुळे पुन्हा विचारायची सवयच नव्हती.

१९०९चा उन्हाळा. अलास्कात कोयुकुक नदीच्या वरच्या अंगाला आमची मोजणी चालली होती. विटकॉम साहेब डोंगरमाथ्यावर तिपाईवर फळा मांडून नकाशा काढत, मी आकडे टिपत असे, आणि पीठ, बीन्स, तंबू सहा घोड्यांवर लादून आमच्यामागे आणायचं काम हाल्वरचं. तो नॉर्वेहून सोन्यासाठी आलेला. अकरा वर्षं वाळू धुऊन त्याच्याकडे एक सोन्याचा दात तेवढा होता, तोही मत्तियासने दिलेल्या सोन्याचा.

मत्तियास त्याचा भागीदार. त्याच ओढ्यावर हिवाळ्यात तापाने गेला. जमीन दगडासारखी गोठलेली. हाल्वरने तीन दिवस जाळ करून खड्डा खणला. वरची लाकडी खूण पुढच्या पुरात वाहून गेली. "कागदाला पूर येत नाही," असं म्हणून तो नकाशावाल्यांकडे घोडी हाकायला लागला.

साहेबांचा नियम साधा. तिथली माणसं बोलतात तेच नाव नकाशावर चढणार, आणि दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं पाहिजे. म्हणून हाल्वर झोपडी-झोपडीत कॉफी पीत 'मत्तियास' पेरत होता. इकडे मी हौसेने 'मॅट्रेस' लिहिलेला कच्चा नकाशा काढून वस्तीतल्या दुकानाच्या भिंतीवर लावला. सोनेवाले महिनाभर हसले. कुणी जांभई दिली की दुसरा म्हणे, "जा, मॅट्रेसवर जाऊन पड."

सप्टेंबरात साहेबांनी दोघा सोनेवाल्यांना वेगवेगळं गाठून ओढ्याचं नाव विचारलं. दोघेही मॅट्रेसच म्हणाले.

"साहेब, ती माझी चूक आहे," मी म्हणालो.

"असेल. पण नाव आता त्यांचं झालं," म्हणत साहेबांनी शाई टेकवली.

हाल्वरला सांगायला गेलो, तेव्हा तो घोडीचा खूर साफ करत होता. त्याने खूर खाली सोडला. मग तिलाच म्हणाला, "ऐकलंस का गं? मत्तियास जन्मभर झाडाच्या फांद्यांवर झोपला. मेल्यावर गादी मिळाली."

"दुसरा ओढा देतो त्याच्या नावाला," मी म्हणालो.

"दे की, मास्तर. हा जुलैत आटतो, तेव्हाही पाणी असलेला बघ. आणि लिहायला मला बोलाव."

यंदा वायव्येला एक सापडलाय, चांगला वाहता. नाव सांगायला दोन माणसं हवीत. एक हाल्वर आहे. दुसरं तिथे अजून कुणी राहायला आलेलं नाही.