‘बरं’ला तेलुगूत काय म्हणतात

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, भिंगरी जिभेला आहे. दोघींचंही खरं. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं मला जन्मात जमलं नाही. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपणच पुरं करून टाकायचं. घरात त्यानं भांडणं होत. कचेरीत मात्र एकदा त्यापायी एक अख्खी टेकडी जायची वेळ आली.

उदारीकरणाचे ते पहिले दिवस. हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत घरांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या. मी नारायणगुड्याजवळच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. नव्या कारखान्यांच्या आणि खाणींच्या फायली इतक्या येत की कपाटं पुरेनात. घरी मराठी, भाजीवाल्याशी दखनी, कचेरीत तेलुगू, असा आमचा तीन पिढ्यांचा संसार. म्हणून साहेबांनी मलाच बोलावलं. आदिलाबादकडच्या जंगलातून एक गोंड बाई आली होती. तिला गोंडी येई आणि बाजारहाटात शिकलेली मराठी. तेलुगू नाही. "तुम्ही मध्ये बसा, अम्मा," साहेब म्हणाले.

बाई पन्नाशीची, कपाळावर गोंदण, पाय रस्त्याच्या धुळीनं भरलेले. गावच्या बायकांनी तिला पुढे केलं होतं. पूर्वी एका ठेकेदारानं त्यांच्या टेकडीवरची झाडं तोडली तेव्हा खालचा ओढा आटला होता. मग हिनं बायकांना गोळा केलं. पाळ्या लावून त्यांनी टेकडी राखली, वर कुऱ्हाड चढू दिली नाही, आणि काही वर्षांनी ओढा पुन्हा वाहायला लागला. आता एका सिमेंट कंपनीला त्याच टेकडीतली चुनखडी हवी होती.

साहेब तेलुगूत सांगत, मी मराठीत. पोरांना नोकऱ्या मिळतील. "बरं," बाई म्हणाली. दुसरीकडे झाडं लावून देऊ. "बरं." पक्का रस्ता होईल. "बरं."

माझा डोळा घड्याळावर. चार वाजता आमच्याकडे केबलवाला येणार होता आणि तो चुकला असता तर महिनाभर तोंड दाखवलं नसतं. "सरेना?" साहेबांनी मला विचारलं, म्हणजे कबूल आहे ना? "सरे अन्नारु, सर," मी म्हणाले. बाई सरे म्हणाली. मग गावाच्या प्रतिनिधीची संमती आहे असं इंग्रजीत टाइप केलं, तिनं हजेरीला दिलेल्या अंगठ्याचा कागद मागे टाचला आणि पळाले. केबल लागली. आम्ही त्या रात्री अकरापर्यंत टीव्ही पाहिला.

महिन्याभरानं कचेरीत पाऊल टाकते तर माझ्या टेबलासमोर जमिनीवर तीच बाई बसलेली.

"झाडायले तोडासाठी लाल रंग लावून राहिले," ती म्हणाली. "म्हन्ते, तूच कबूल झाली. त्या कागदावर काय हाये, वाच."

मी फाइल काढली. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. संमती या शब्दाशी आले आणि थांबले.

"म्या हाव म्हनलं का वं, बाई?"

"नाही, मावशी. हो नाही, तुम्ही बरं म्हणालात."

"मंग? बरं म्हंजी आयकलं. आयकलं, ते गावाले नेऊन सांगीन. गाव बसल्याबिगर म्या एकली कशी हाव म्हनू? टेकडी का माह्या बापाची हाये?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेलुगू माणसाला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. मी मराठी! माझ्या सासूबाई फोनवर तासभर "बरं, बरं" करत आणि फोन ठेवला की म्हणत, काय तरी बाई बरळते! बरं म्हणजे हो नव्हे, हे रोज कानांनी ऐकणारी मी. पण तिचं ऐकायला वेळ कुणाला होता!

साहेबांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "अम्मा, चूक लेखी कबूल कराल तर ती तुमच्या नोकरीच्या कागदांत जाईल. कशाला ओढवून घेता?" घरी येऊन मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. भात करपला. सासूबाईंनी कारण विचारलं, सांगितलं. "इतका विचार काय करायचा? तुझीच जीभ, तूच निस्तर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या. त्या नव्या केबलचा मला इतका राग आला की विचारू नका.

सकाळी मी अर्ज दिला: भाषांतर चुकलं, बाईनं संमती दिली नव्हती, चूक माझी. साहेबांनी वैतागून नवी तारीख लावली. गावात मात्र जायला तयार नाहीत, सुनावणी इथंच. कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईला मी घाबरतच सांगितलं.

"साहेब गावात येत नाही?" ती म्हणाली. "मंग म्या गाव घेऊन येतो." उठता उठता तिनं विचारलं, "यांच्या बोलीत नको कसं म्हन्ते?"

"वद्दू," मी म्हणाले. तिनं दोनदा घोकलं.

आणि आणलं की गाव! सुनावणीच्या दिवशी बायका, म्हातारे, अंगावर पिणारी पोरं, सगळे रेल्वेनं आले आणि कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली गोल करून बसले. चपराशी हौल्यासारखा, खुळ्यागत बघत राहिला. त्यांची सभा दुपारपर्यंत गोंडीत चालली. मला एक अक्षर कळलं नाही, मध्ये तोंड घालता येईना, नुसती येरझाऱ्या घालत होते. ही बाई सगळ्यांत कमी बोलली. प्रत्येकीचं संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहायची आणि मगच दुसरीकडे वळायची.

आत साहेबांनी विचारलं, मी भाषांतराला तोंड उघडलं, तर बाईनं हातानंच मला थांबवलं. साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "वद्दू." तिच्यामागे दारात उभ्या सगळ्या म्हणाल्या, "वद्दू." साहेबांनी स्वतःच्या हातानं तेलुगूत लिहिलं. लाल रंगाची झाडं तशीच उभी राहिली. कंपनीची माणसं चुनखडी शोधायला दुसरीकडे गेली. दुसरीकडे म्हणजे तरी कुणाच्या तरी ओढ्याच्या उशाशीच, पण ती टेकडी वाचली.

माझी बढती अडली ती अडलीच. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण तिची माफी मागितल्याशिवाय चैन पडेना. फाटकापर्यंत धावत गेले. ती बायका मोजत होती, कुणी मागे राहिली का बघत.

"मावशी, माझं चुकलं. घाईत होते मी. मला माफ कराल ना?"

तिनं माझं बोलणं पुरतं संपू दिलं.

"बरं," ती म्हणाली.

हाव म्हणाली नाही.