काळी पडलेली पावती

कडकबाईला कडकबाई म्हणायची दोन कारणं होती. एक म्हणजे तिची इस्त्री. तिच्या हाताखालून गेलेला शर्ट दिवसभर खुर्चीत बसून-उठून घरी आला तरी बाहीची घडी जागची हलत नसे. दुसरं कारण तिची जीभ. तिच्याविषयी वेगळं सांगायला नको, ती स्वतःच बोलेल.

मोठ्या सोसायटीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांना लागून तिचं टेबल होतं. नवरा मजल्यामजल्यांवरून कपड्यांचे गठ्ठे आणायचा, ती इस्त्री करायची, तो पोचवायचा. वरच्या माणसांना ती चेहऱ्यांपेक्षा कपड्यांवरून जास्त ओळखायची. कोणाची कॉलर आधी विरते, कोण जेवताना सांडतं, कोणाचं पोट सुटायला लागलंय, सगळं तिला माहीत. समोरच्या चांगल्या शाळेत जाणाऱ्या अकरा मुलांचे गणवेश तिच्याच टेबलावरून जायचे. निळ्या स्कर्टच्या चुण्या ती डोळे मिटून बसवू शकत असे.

ती स्वतः चौथीपर्यंत शिकली. बापही इस्त्रीवालाच. आई अंथरुणाला खिळली, टेबलापाशी हात कमी पडले, तेव्हा ‘वर्षभर घरी थांब, मग परत घालू’ असं बाप म्हणाला. ते वर्ष अजून संपलेलं नाही. बापाला दोष द्यावा तर त्याला त्याच्या बापाने दुसरीतच काढलं होतं. म्हणजे घराण्याची दोन इयत्तांनी प्रगतीच झाली, असं ती म्हणायची आणि हसायची. पण मुलीचा विषय निघाला की तिचं हसू मावळायचं. मुलीने इस्त्रीला हात लावलेला तिला खपत नसे.

तर त्या समोरच्या शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी दहा जागा होत्या. सोडत निघाली आणि मुलीचा नंबर लागला. शाळेच्या खिडकीतून मशीनमधून निघालेली बोटभर पावती मिळाली. ती पावती आणि बाकीचे दाखले घेऊन बुधवारी दुपारी तीनच्या आत यायचं, नाहीतर जागा पुढच्याला. कडकबाईने पावती बटव्यात ठेवली आणि चार दिवस बटवा अंगापासून दूर केला नाही. झोपताना उशीखाली, पाणी भरताना कमरेला.

बुधवारी सकाळी तिने पावती बाहेर काढली तर तिचा पार बोळा झालेला. असला चुरगळलेला कागद घेऊन चांगल्या शाळेत जायचं? लोक काय म्हणतील, इस्त्रीवालीची पोर आणि कागद असा? चुरगळलेल्या वस्तूचं जे ती जन्मभर करत आली तेच तिने केलं. पावती टेबलावर सरळ केली, वर ओलसर रुमाल टाकला आणि अलगद इस्त्री फिरवली.

रुमाल उचलला तर खाली काळंकुट्ट. नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही. कागद मात्र एकदम सपाट.

“अगं, तुला कोणी सांगितलं होतं इस्त्री फिरवायला?” नवरा ओरडला.

“चुरगळली होती!”

“मग असू द्यायची! वाचता येत होती ना?”

“इतकं कळत होतं तर आधी का नाही बोललात?”

नवऱ्यालाही ते कळत नव्हतं. आणि कळणार कुठून? वरच्या मजल्यावरच्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं की हा कागद उष्णतेने काळा पडतो, आधी त्याची झेरॉक्स काढून ठेवायची. त्यांच्या घरी असल्या पावत्यांनी खण भरलेले असतात. कडकबाई जिथे सामान घ्यायची त्या दुकानदाराने तिला आजवर कशाचीच पावती दिली नव्हती. असला कागद तिने जन्मात पहिल्यांदा हातात धरला होता आणि तेवढ्यावर पोरीची शाळा अडकली होती. याला काय म्हणायचं? वरचे लोक याला अडाणीपणा म्हणतात.

दुपारी दीड वाजता ती मुलीला घेऊन शाळेच्या खिडकीपाशी उभी राहिली. खिडकीतल्या क्लार्कने काळा कागद दोन बोटांत धरून पाहिला.

“हे काय आहे?”

“पावती. इस्त्री केली मी.”

“पावतीला?” तो हसायचा थांबेना. मग म्हणाला, “बाई, नंबर दिसल्याशिवाय कॉम्प्युटरवर काही होत नाही.”

“मला नंबर पाठ आहे,” मुलगी म्हणाली आणि तिने घडाघडा म्हणून दाखवला.

“पाठ करून कोणीही येईल.”

“कोणीही कशाला येईल?” कडकबाईचा पारा चढला. “बाहेर फळ्यावर यादी लावलीय तुम्ही. सहाव्या ओळीत नाव आहे तिचं!”

“नाव आहे हो. पण ती हीच कशावरून?”

“हा घ्या जन्माचा दाखला.”

“दाखला पावतीला जोडून द्यायचा असतो.”

“आणि पावती?”

“ती तर तुम्ही जाळलीत.”

असं तासभर चाललं. बाजूला व्हा, बसा, नंतर या, मोठ्या बाई मीटिंगमध्ये आहेत. क्लार्कच्या कॉलरला दोन दोन घड्या पडल्या होत्या. एवढं साधं काम न जमणाऱ्या कोणाकडून तरी हा इस्त्री करून घेतो, आणि आपल्याला शिकवतो, म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळात अडीच वाजून गेले होते.

तेवढ्यात सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे साहेब आले. नातवाच्या प्रवेशाचं काम होतं, फी भरून घेतलेल्या; त्यालाही तसलीच पावती लागायची.

“पावती कुठे ठेवली गेली कोण जाणे,” ते म्हणाले. “घरभर शोधली.”

“असू द्या हो साहेब. नाव सांगा नातवाचं,” क्लार्क म्हणाला. चार बटणं दाबली. “झालं.”

कडकबाई उठून खिडकीशी आली. “आता कसं झालं? यांचा नंबर कुठे दिसला तुम्हाला?”

“बाई, त्यांची गोष्ट वेगळी.”

“काय वेगळी? माझ्याकडे निदान काळी तरी आहे. यांच्याकडे तीही नाही!”

क्लार्क कागद चाळू लागला. साहेबांनी वळून पाहिलं.

“अरे, ही तर आमची इस्त्रीवाली! ओळखतो मी हिला. करून टाका हो हिचं काम.”

“तुम्ही म्हणताय म्हणून,” क्लार्क म्हणाला आणि त्याने नाव विचारलं. पुन्हा तीच चार बटणं. दाखले टाचले, शिक्का मारला. तासाभरात जे झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं.

“झालं ना?” साहेब हसत म्हणाले. “उगाच आवाज चढवतेस. आधी मला सांगायचंस.”

“उपकार झाले साहेब,” कडकबाई म्हणाली. शब्द आपोआप बाहेर पडले आणि तिला स्वतःचीच चीड आली.

फाटकाबाहेर मुलगी उड्या मारत निघाली. “आई, साहेबांनी मला शाळा दिली!”

“साहेबांनी नाही दिली,” कडकबाई तिच्यावर खेकसली. “तुझा नंबर लागला होता. ती जागा तुझीच होती. कळलं?”

मुलगी उड्या मारायची थांबली. तिने थोडा विचार केला.

“मग तू त्यांना उपकार झाले असं का म्हणालीस?”

“कारण तीन वाजायला दहा मिनिटं होती,” कडकबाई म्हणाली, आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडू लागली.