चहाच्या डब्याचं झाकण

सायकलच्या चेनला तेल घातलं की त्या वासानं मी वीसेक वर्षं मागे, इंग्लंडात, वॉटफर्डच्या आमच्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये जाते. पुण्याहून आलेले माझे सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर फिटर, तेव्हा परतीच्या तिकिटाचंच बोलायचे. शेजारचा पीटर हौसेनं एअर रायफल जुळवत होता. पण नेम धरायची दुर्बीण एका कंपनीची, तिला धरणारी कडी दुसरीची. दुर्बीण आत गरगर फिरायची. बाबांनी माझ्या चहाच्या डब्याचं झाकण कापलं, पट्टी कानशीनं घासून कडीत बसवली. दुर्बीण हलेना.

"पॅकिंग," बाबा म्हणाले.

"पॅकिंग," पीटरही म्हणाला आणि त्यानं बाबांसाठी स्टूल पुढे सरकवलं.

मी झाकणावरून धुसफुसत होते. जेवताना बाबा म्हणाले, "तिकिटाची घाई नको गं. पीटरच्या रायफलचा लाकडी दस्ता बसायचाय अजून."

त्या डब्यात मी आता चमचे ठेवते. नवं झाकण कधी शोधलंच नाही.