पाणकणसातल्या पाखराची साक्ष

नवेगाव बांधच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. दिवाळीपूर्वीच्या एका सकाळी बांधाच्या, म्हणजे इथल्या मोठ्या तलावाच्या, काठी फिरायला गेलो, तर झाडाला बांधलेल्या दोरीवर कापडी पिशव्या टांगलेल्या दिसल्या. शेजारी एक बाई डोळ्याला भिंग लावून बसल्या होत्या. "सगळ्यांचे डबे एकत्रच आणलेत वाटतं," मी ओळख काढण्यासाठी म्हणालो. त्यांनी वर न बघता एक पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी हलली आणि मी दचकलो. "डबा सांडू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. आमच्या शाळेच्या ज्येष्ठ विज्ञानशिक्षिका श्रीमती वत्सलाबाई पटले यांची आणि माझी ही पहिली भेट. त्या बाई आज पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर मात्र माझा अजून विश्वास बसत नाही.

पिशवीत वटवट्या पक्षी होता. मातकट रंगाचा, मुठीत मावेल एवढा, हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढायला आलेला. बाई रीतसर परवानगी काढून काठच्या पाणकणसात, पाण्यातल्या त्या उंच गवताच्या बेटात, बारीक जाळी लावत, पाखराच्या पायात क्रमांकाची हलकी कडी घालत आणि त्याला सोडून देत. पाखरांना कडी घालण्याची केंद्रे समुद्रकिनारी असतात, हे त्यांनी वाचले होते. "आपल्याकडे समुद्र नाही, पण बांध तर आहे," एवढ्या भांडवलावर त्यांनी काम सुरू केले. त्यांचा एक रिवाज होता. पाखरू त्या स्वतः कधी सोडत नसत; हजर असेल त्याच्या तळहातावर ठेवत. सोडणाऱ्याने म्हणायचे, "पुढच्या साली याच जागी येजो." यातून कोणाचीच सुटका नव्हती, माझीही झाली नाही.

शिस्तीच्या बाबतीत बाई कोणाचे ऐकत नसत. एकदा एक मोठे साहेब काम बघायला आले आणि काठावरच भाषण करू लागले. जाळी तपासायची वेळ झाली तशा बाई भर भाषणातून उठल्या. "पाखरू जाळ्यात लटकलंय, तुम्ही चालू द्या," म्हणाल्या आणि चिखलात उतरल्या. साहेबांसमोर मी एकटा श्रोता उरलो.

पण माझी पत्नी बाळंतपणात अडली आणि तिला गोंदियाला हलवावे लागले, तेव्हा याच बाईंनी ऐन हंगामात जाळी गुंडाळली आणि माय-लेकरू सुखरूप होईपर्यंत दवाखान्यात येऊन बसल्या. मी आभाराचे काही बोलू लागलो तर मलाच दटावले. त्या दिवशी त्या आमच्या घरातल्या झाल्या.

त्यांच्या कामाची खरी कसोटी मात्र पुढेच होती. डोंगे, म्हणजे आपल्या लहान होड्या, लावायला जागा हवी म्हणून काठचे पाणकणीस साफ करायचे, असे गावातल्या मासेमारांनी ठरवले. त्यांची गरज खरी होती. त्यांचे पुढारी सोमाजी वलथरे गावच्या बैठकीत बाईंना म्हणाले, "बाई, पाखरू तं कोठीबी बसते. आमची जागा कायले अडवून राहिल्या?"

"कोठीबी नाही बसत, सोमाजी. याच जागी परत येते."

"मंग दाखवा."

बाईंनी एका हंगामाची मुदत मागितली. कडी घातलेले पाखरू याच पाणकणसात परत मिळाले नाही, तर पहिला विळा आपण चालवू, असे त्या सगळ्यांसमोर बोलून बसल्या. पाणकणसाचे हे बेट गेले असते तर बाईंचे सारे कामच संपले असते. त्याच आठवड्यात त्यांनी एक वटवट्या सोमाजींच्या तळहातावर ठेवला. गालातल्या गालात हसत का होईना, "येजो" तेही म्हणाले.

पुढचा हंगाम आला. सोमाजी रोज सकाळी हजर. पाखरे मिळत, पण सगळी बिनकडीची. "आजबी नाही?" ते विचारत. बाई मान हलवून पुढच्या जाळीकडे वळत.

रोज नुसते उभे राहण्यापेक्षा म्हणून सोमाजी जाळ्यातली पाखरे काढू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मासा काढावा तसे डोक्याकडून धरले आणि बाई कडाडल्या, "मासा डोक्याकडून, पाखरू पायाकडून!" बोलणी खाऊन ते शिकले. म्हणूनच त्या सकाळी पाखराचा पाय आधी त्यांच्या बोटात आला. ते तसेच थबकले.

"बाई, याच्या पायात काहीतरी हाय."

क्रमांक मी वाचला, बाईंनी ताडून पाहिला. वर्षापूर्वी सोमाजींनी स्वतःच्या हाताने सोडलेला तोच वटवट्या, त्याच बेटातल्या त्याच जाळ्यात! बाई लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. सोमाजींनी पाखरू पुन्हा तळहातावर घेतले. मग म्हणाले, "एवढ्या दूरून माह्या बोलावण्यावर आला. आता मी याचं घर कसा कापू?"

डोंगे दक्षिणेच्या काठाला लागले, ते आजही तिथेच लागतात. पाणकणीस उभे आहे, आणि त्याची राखण मासेमारच करतात. बाईंनी आयुष्यात मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय आहे, आणि त्यात हरलेला कोणीच नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा मागायला गेलो, तेव्हा म्हाताऱ्या सोमाजींनी मोठमोठे शब्द शोधले नाहीत. बाईंच्या दीर्घ आणि निरोगी आयुष्यासाठी मलाही त्यांच्यापेक्षा वेगळे काही मागायचे नाही. ते म्हणाले, "लिहा, 'बाई, पुढच्या साली याच जागी येजा.'"