मोंबासाचा प्लॉट

ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. आठवलं की अजून डोकं तापतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये टपाल बघत होतो, तोच बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला.

"बाई, कोकणात जागा कमी पडली काय? थेट आफ्रिकेत कशाला गेलात प्लॉट घ्यायला?" अंमलदार विचारत होता.

"पैसे माझे. जागा कुठं घ्यायची तां तुम्ही ठरवणार?"

मी बाईंना आत बोलावलं. पन्नाशीच्या, खाडीकाठच्या गावातल्या मुस्लिम कुटुंबातल्या. त्यांचे यजमान मोंबासाच्या बंदरात नोकरीला होते. तिथंच वारले, दफनही तिथंच झालं. त्यांच्या कबरीजवळ, समुद्राच्या कडेला लहानसा प्लॉट घ्यायचा, दोन खोल्या बांधायच्या आणि वर्षातले काही महिने तिथं काढायचे, एवढंच बाईंना हवं होतं. त्यासाठी वाट्याला आलेली आंब्याच्या कलमांची बाग त्यांनी विकली होती. आमच्या हद्दीत ऑफिस थाटून बसलेला एक एजंट परदेशातले प्लॉट विकायचा. दुबई, मॉरिशस, मोंबासा, मागाल ते. बाईंनी पैसे भरले, शिक्के मारलेले कागद मिळाले. मग 'जागा दाखव' म्हणून त्यांनी तगादा लावला, तेव्हा त्याने प्लॉटची सीडी त्यांच्या हातात ठेवली.

"सीडी बघितली आणि कळलां, ही जागा मोंबासाची नाय," बाई म्हणाल्या. "ह्यात सूर्य दर्यात बुडतोय."

दारात उभा असलेला अंमलदार हसला. "मग कुठं बुडणार? डोंगरात?"

"होय, तितं जमिनीकडंच बुडतो. दर्यातनं वर येतो. ह्यांनी फोनवर सांगितलानी होतां. म्हणायचे, एकाच दर्याच्या दोन काठांवर आपण. तू बुडताना बघ, मी उगवताना बघतो."

अंमलदाराचं हसू तिथंच विरलं. मी त्याला फिर्याद लिहून घ्यायला सांगितली.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि चक्रं फिरू लागली, पण उलटी. एजंटाचा वरपर्यंत वशिला होता. वरून फोन आला, "ही दिवाणी बाब आहे. समज द्या आणि मिटवा." मी म्हणालो, "तसा लेखी आदेश पाठवा, साहेब. लगेच फाइल बंद करतो." लेखी आदेश काही आला नाही. असे आदेश कधीच लेखी येत नाहीत, हे नोकरीत फार लवकर कळतं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या गावातली चार वडीलधारी माणसं ठाण्यात आली. घरची गोष्ट घरात मिटवू, बाईमाणसाला कोर्टकचेरी शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाई बाकावरून उठल्यासुद्धा नाहीत. "मी चोरी केली नाय. ज्यानं केलान त्याला लाज सांगा," एवढंच बोलल्या. माणसं चपला घालून निघून गेली.

एजंट तोवर पसार झाला होता. तिसऱ्या दिवशी हातखंब्याच्या एका हॉटेलवाल्याने खबर दिली की त्या वर्णनाचा माणूस मुंबईच्या गाडीची वाट बघत मिसळ खातोय. आमच्या पोरांनी त्याला ताटावरून उठवला.

गडी बोलण्यात भलताच वाकबगार. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट, प्रत्येक वाक्यामागे 'सर'. अशा माणसाला धाक दाखवून उपयोग नसतो. त्याला बोलू द्यावं लागतं. स्वतःच्या आवाजावर प्रेम असलेला माणूस पोलिसांचं निम्मं काम करून टाकतो. मी चहा मागवला, सीडीचं तोंड भरून कौतुक केलं आणि शूटिंग कोणी केलं ते विचारलं.

"मी स्वतः, सर. खास मोंबासाला जाऊन."

"सूर्यास्त झकास आलाय."

"दुपारपासून उभा होतो, सर, किनाऱ्यावर. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत हललो नाही."

जबाबात हे शब्दशः उतरवून घेतलं. मग त्याच्याच ऑफिसातून जप्त केलेला, गिऱ्हाइकांवर छाप पाडायला ठेवलेला पृथ्वीचा गोल मी टेबलावर मांडला. "आता मोंबासा दाखवा."

त्याने ऐटीत बोट ठेवलं.

"समुद्र कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला, स..." त्याने गोलावरचं बोट झटकन उचललं.

आयुष्यभर आपल्या किनाऱ्यावर उभा राहिलेला माणूस. सूर्य समुद्रातच बुडायचा, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं की खोटं बोलतानाही त्याला दुसरं सुचलं नाही. तासाभरात त्याने सगळं कबूल केलं. पंचांसमक्ष त्याची कबुली नोंदवून निवेदन पंचनामा झाला आणि तो स्वतःच आम्हाला आंजर्ल्याच्या बाजूला घेऊन गेला. शूटिंग तिथल्याच किनाऱ्यावर झालेलं. जवळच त्याच्या नातेवाइकाच्या मांगरात, शेतावरच्या झोपडीत, प्लॉट नंबरचा इंग्रजी बोर्ड आणि पांढऱ्या रंगाच्या खुंट्या सापडल्या. त्याच खुंट्या कधी मॉरिशसच्या व्हायच्या, कधी मोंबासाच्या. बातमी फुटल्यावर शरमेने गप्प बसलेले आणखी लोक पुढे आले. त्यात होड्यांचे मालक होते, निवृत्त मास्तरही होते. खटला उभा राहिला, एजंटाला शिक्षा झाली, आणि बाईंना बरेचसे पैसे कोर्टामार्फत परत मिळाले.

गावाला वाटलं, आता तरी ही शहाणी होईल आणि गावातच घर बांधेल. सल्ला द्यायला माझ्याकडेही काही जण आले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

फसलेल्या माणसाला 'तुला हे हवंच कशाला होतं' असं विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. खात्यात होतो तेव्हाही यायचा, आज तर जास्तच येतो. चोराने पैसे नेले, तर कायदा ते परत आणू शकतो. पण आपण त्या माणसाच्या इच्छेलाच मूर्ख ठरवलं, तर तिची फिर्याद त्याने कुठल्या ठाण्यात द्यायची? ही एक गोष्ट मला त्या बाईंनी शिकवली.

निवृत्तीनंतर एका सकाळी फोन वाजला. माझा दुसरा चहा चालू होता, अंगणात ऊन चांगलंच वर आलं होतं. पलीकडून वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज येत होता.

"साहेब, मी बोलतेय, मोंबासातनं. ह्या खेपेला आधी जागेवर येऊन उभी राहिले, मगच पैसे दिले. दोन खोल्या झाल्यात." मग त्यांनी फोन समुद्राकडे धरला असावा, लाटा मोठ्याने ऐकू आल्या. "ह्यांनी खरां सांगितलानी होतां, साहेब. आत्ता वर येतोय. दर्यातनंच."