भिकन मिस्त्रींनी आखलेलं स्वयंपाकघर

भिकन मिस्त्री कुठल्याही प्लॉटवर गेले की आधी चपला काढायचे, मग बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. आमच्या प्लॉटवरचं पाणी त्यांनी लगेच थुंकलं. "हाई पानी खारं शे, भाऊ. पोटमा चालत नही, ते भिंतमा कसं चाली? गोडं पानी टँकरनं आना."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी सुरतेत बँकेत कारकून होतो आणि शहराबाहेरच्या सचिन गावाच्या रस्त्याला कसाबसा एक प्लॉट घेतला होता. मिस्त्री धुळ्याकडचे. आमच्या भागातल्या खानदेशी मंडळींची निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं आणि माझ्या बायकोला, मालतीला, स्वयंपाकघराच्या रेघांत बसवलं. "वहिनी, आठे बसा. भाकर थापा." मालती लाजत लाजत हवेतच भाकरी थापू लागली. तिचं कोपर रेघेबाहेर गेलं, तशी मिस्त्रींनी रेघ पुसून वीतभर पलीकडे मारली. त्याच दिवशी आम्ही नारळ फोडला. काम त्यांचंच, असा शब्द मी दिला.

मग बँकेतल्या एका शहाण्यानं विचारलं, "तुझा मिस्त्री रजिस्टर्ड आहे का? उद्या काही झालं तर धरणार कुणाला?" प्रश्न रास्त होता. मी तो विचारला मात्र मिस्त्रींच्या गड्यांसमोर, साहेबी आवाजात. "तुमच्याकडे विक्रीकराचा नंबर आहे का?"

"नही, भाऊ. ज्यास्ना घरं बांधात, त्यास्ले इचारा."

"आम्ही नोकरदार माणसं, मिस्त्री. आम्हाला सगळं कायदेशीर लागतं."

त्यांनी ओळंब्याला दोरा गुंडाळला, तो पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि गेले. मी दिलेल्या शब्दाची त्यांनी मला आठवणही करून दिली नाही.

काम एका कंत्राटदाराला दिलं. त्याच्या छापील कागदावर ठळक नंबर होता. त्यानं भिकन मिस्त्रींच्या रेघांवरच पाया खणला, मी खणू दिला. पहिल्याच हप्त्याला तो म्हणाला, "साहेब, पाकुं बिल जोईए के काचुं? पाकामां टॅक्स लागशे."

"काचुं चालशे," मी म्हणालो. कच्चं, म्हणजे धड बिलही नाही आणि करही नाही. गुजराती एरवी मला अडखळत यायची, तेव्हा मात्र सुरेख आली. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

त्यानं बोअरचंच पाणी वापरलं. दोन वर्षांत भिंतींवर पांढरा खार फुटला आणि गिलावा पोपडे धरून पडू लागला. मी छापील कागद घेऊन भांडायला गेलो. तो हसत म्हणाला, "बिल क्यां छे, साहेब?" बिल कुठलं असणार माझ्याकडे!

शेवटी भिकन मिस्त्रींच्या दारात उभा राहिलो. ते दुसऱ्या दिवशी आले. उंबऱ्याशी चपला काढल्या, भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "गोडं पानी मांगाडा." चार दिवस त्यांनी गिलावा खरवडला, नवा चढवला. मी टोमण्याची वाट बघत होतो. एखादा मारला असता तर बरं वाटलं असतं. शेवटच्या दिवशी राहवेना, म्हणून मीच बोललो. "मिस्त्री, त्याच्याकडे नंबर होता, पण बिल मीच घेतलं नाही. कर वाचवला."

मिस्त्री हात धूत होते. त्यांनी हात पुसले. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "वहिनी, भाकर थापाले जागा पुरस ना?"

"पुरते, मिस्त्री," मालती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला.

मिस्त्री पुढे गावी गेले आणि तिकडेच वारले. त्यांची माफी मागायची राहून गेली. त्या दिवशी जे बोललो ती कबुली होती, माफी नव्हे. मालती अजून खाली बसूनच भाकरी थापते. तिचं कोपर भिंतीला लागत नाही. त्या वेळी मी स्वयंपाकघरात थांबत नाही.