हात धरून नेणारी मुलगी

ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या घरी जाऊन मी काम करते. मूल काय करतं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं, हे बघत बसायचं आणि त्यातून एकेक गोष्ट शिकवायची, असा हा धंदा. याला फार धीर लागतो म्हणतात लोक. माझ्याकडे तो औषधालाही नव्हता; पोरांनीच शिकवला.

चौलमधल्या सुपारीच्या एका वाडीत मी जायचे. तिथली मुलगी चार वर्षांची होती आणि बोलत नव्हती. काही हवं असलं की ती आईचं मनगट धरायची, ओढत न्यायची आणि आईचा हात त्या वस्तूवर ठेवायची. डब्यावर, नळावर, दाराच्या कडीवर. तोंडाकडे मात्र कधी बघायची नाही. पहिल्याच दिवशी मला चहा देताना आई म्हणाली, "बाई, तिला माझा हात लागतो. मी न्हाय लागत."

याचं उत्तर पुस्तकात आहे, पण चहा पिता पिता एखाद्या आईला सांगावं असं ते नाही. मी चहाची तारीफ केली.

सुरुवात मागायला शिकवण्यापासून केली. केळं, बिस्किट, झोपाळा अशी चित्रांची कार्डं बनवली. कार्ड हातात द्यायचं, वस्तू घ्यायची. अट एकच: मूल मागेपर्यंत मोठ्यांनी थांबायचं. त्या घरात नेमकं तेच कुणाला जमत नव्हतं. नातीनं नुसती मान वळवली की आजोबा केळं सोलून हजर. मी डोळे वटारले तर म्हणाले, "आमच्या दारातनं भिकारी पन रिकामा जात न्हाय, आनि नातीला मागायला लावता व्हय?"

"आजोबा, भिकारी निदान मागतो तरी," मी म्हटलं.

ते खो खो हसले आणि केळं दिलंच. शेवटी मी त्यांनाच कामाला लावलं. एका हातात पाठीमागे केळं, दुसरा हात पुढे पसरलेला आणि तोंडाला कुलूप. एवढा मोठा माणूस नातीपुढे हात पसरून बसला. तिनं त्या हातावर कार्ड ठेवलं, तेव्हा आनंदाच्या भरात त्यांनी अख्खी फणी पुढे केली.

मुलगी मागायला लागली आणि घर खूश झालं. आई तेवढी नाही. पोर कार्ड द्यायची, पण बघायची केळ्याकडेच. "शहानी झाली," एवढंच म्हणून आई कामाला लागायची. तिचं दुखणं जिथल्या तिथे होतं, आणि ते मला दिसत होतं.

मग थंडीतली एक सकाळ. पंप लावून झाडांना पाणी सोडलं होतं. मातीच्या पाटातून ते हळूहळू पुढे सरकत होतं, वाळकी पानं ढकलत. मुलगी पाटाशी उकिडवी बसली होती. एकदम उठली, धावत आईकडे गेली आणि तिनं मनगट धरलं.

"काय पायजे?" आईनं घासायचं भांडं खाली ठेवलं. मुलीनं तिला पाटापर्यंत ओढत नेलं. सवयीनं आम्हीही धावलो. आजोबांनी पेला आणला, मी कार्डं पुढे केली. तिनं पेला बाजूला सारला. कार्डांकडे ढुंकूनही बघितलं नाही. आईचं मनगट सोडलं, बोट पुढे केलं, सरकत्या पाण्याच्या टोकाकडे. आणि मान वर करून थेट आईच्या तोंडाकडे बघितलं. परत पाण्याकडे. परत आईकडे.

मागणं मला समजतं. काहीतरी मिळतं म्हणून मूल मागतं. इथे मिळायचं काय होतं? पाणी तर तिच्यासमोरच होतं. हे मी अजून शिकवायला घेतलंही नव्हतं. शाबासकी म्हणून माझा हात पिशवीतल्या बिस्किटाकडे गेला होता, तो मी मुकाट्यानं मागे घेतला. एवढ्या मोठ्या गोष्टीला बिस्किट द्यायचं म्हणजे कमालच होती!

"काय पायजे गो बाय?" आजोबांचं चालूच होतं.

आई लेकीशेजारी चिखलातच बसली. "व्हय गो, आलं पानी," ती म्हणाली. दोघी बघत राहिल्या. पाणी पुढच्या सुपारीच्या आळ्यात शिरलं. आमच्याकडे न वळताच ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, पेला ठेवा. तिला काय नको हाय. मला नुसतं बघायला बोलावलंन."